खाडीत मासे मेल्यावर कंपनीचा अहवाल कसा वाचायचा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोटे गावाच्या खाली दाभोळची खाडी, महाडच्या खाली बाणकोटची, रोह्याच्या खाली रेवदंड्याची. वाशिष्ठी, सावित्री, कुंडलिका या नद्यांच्या काठी रासायनिक वसाहती आल्या आणि खाडीवर जगणाऱ्यांना पाण्याचा रंग रोज बघायची सवय लागली. मी चिपळूणचा. 35 वर्षं लोकांचे हिशेब तपासण्यात गेली. काही वर्षांपूर्वी खाडीत मासे मेले, आणि पुढच्या पावसाळ्यात मच्छीमार सोसायटीची मंडळी एका कंपनीचा वार्षिक अहवाल घेऊन माझ्याकडे आली. "यात आमचं काय लिहिलंय तेवढं सांगा." मी दोनशेवर पानं वाचली. खाडीचं नाव एकदाही आलं नव्हतं. तेव्हापासून लोक जे विचारत आले, ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

मासे मेले ते मेले. आता अहवाल वाचून काय मिळणार?

अहवाल ही कंपनीची सहीनिशी दिलेली जबानी असते. घटनेच्या दिवशी अधिकारी फाटकावर जे बोलला ते हवेत जातं. संचालक मंडळाने मंजूर केलेला मजकूर मात्र राहतो, आणि उद्या पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या पुण्याच्या हरित न्यायाधिकरणापुढे तो तुमच्या कागदांशेजारी ठेवता येतो. भरपाईचा अर्ज कारण घडल्यापासून 5 वर्षांच्या आत करता येतो, म्हणजे त्या काळात कंपनीचे चार-पाच अहवाल हाती येतात. पहिल्या वर्षी एक आणि तिसऱ्या वर्षी दुसरंच लिहिलेलं असेल, तर तो फरकच तुमच्या बाजूने बोलतो.

कंपनीला नेमके कोणते अहवाल द्यावे लागतात?

लोक एकच अहवाल असतो असं समजतात. प्रत्यक्षात कागदांची रांग असते.

सगळ्यात आधीचा कागद घटनेच्या दिवसाचा. जल कायद्याच्या कलम 31 प्रमाणे, अपघाताने दूषित पदार्थ नदीत किंवा खाडीत गेला किंवा जाण्याची शक्यता असली, तर जागेच्या प्रमुखाने राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला ताबडतोब कळवायचं असतं. धोकादायक रसायनांच्या 1989 च्या नियमांत मोठ्या अपघाताची सूचना 48 तासांत द्यायची आहे. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल आणि घटना तिच्या दृष्टीने महत्त्वाची ठरत असेल, तर बाजारालाही कळवावं लागतं : घटना कंपनीच्या आतून उद्भवली असेल तर 12 तासांत, बाहेरून आली असेल तर 24 तासांत.

मग वर्षाचे कागद. घातक कचऱ्याचं विवरण फॉर्म 4 मध्ये, 30 जूनपर्यंत. पर्यावरण विवरणपत्र फॉर्म 5 मध्ये, 30 सप्टेंबरपर्यंत. प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागली असेल तर तिच्या अटी पाळल्या का याचा सहामाही अहवाल, दर वर्षी 1 जूनला आणि 1 डिसेंबरला. आणि शेवटी, मोठ्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालातला बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल.

रंगीत चित्रं फक्त या शेवटच्या अहवालात असतात. बाकीचे कागद रुक्ष आहेत, पण खाडीच्या प्रश्नाला माझ्या अनुभवात तेच जास्त उपयोगी पडले आहेत.

बीआरएसआर आमच्या वसाहतीतल्या सगळ्या कंपन्यांना लागू आहे का?

नाही. शेअर बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीने तो मे 2021 मध्ये आणला आणि 2022-23 या आर्थिक वर्षापासून बाजारमूल्याने पहिल्या 1000 नोंदणीकृत कंपन्यांना सक्तीचा केला. वसाहतीतले बरेच कारखाने खासगी मर्यादित कंपन्यांचे असतात. त्यांच्यासाठी वरचे रुक्ष कागद मागवायचे. ते कसे, हे पुढे सांगितलं आहे.

अहवाल हातात आला. सुरुवात कुठून करू?

अध्यक्षांच्या पत्रापासून करू नका. मी ज्या क्रमाने वाचतो तो सांगतो.

आधी मागच्या वर्षीचा अहवाल मिळवा आणि दोन्ही शेजारी ठेवा. हिशेब तपासणारा माणूस एकटा ताळेबंद कधी वाचत नाही, मागचं वर्ष बघतोच. गेल्या साली खाडीत सोडलेल्या पाण्याचा आकडा होता आणि यंदा ती ओळ गायब असेल, किंवा मोजायची पद्धत नेमकी याच वर्षी बदलली असेल, तर तिथे पेन्सिलीने खूण करा.

मग बीआरएसआरमधलं सहावं तत्त्व काढा. ते पर्यावरणाचं. त्यात एक तक्ता पर्यावरण कायद्यांच्या उल्लंघनाचा असतो : कोणता कायदा मोडला, काय घडलं, प्रदूषण मंडळाने किंवा न्यायालयाने काय कारवाई केली, कंपनीने काय दुरुस्ती केली. मंडळाने उत्पादन बंद करण्याची नोटीस दिल्याचं तुम्हाला ठाऊक आहे आणि तक्त्यात "लागू नाही" असं छापलेलं आहे, तर नोटिशीची प्रत आणि ते पान एकत्र जपून ठेवा.

तिसरी जागा अहवालाच्या सुरुवातीच्या भागात असते. स्थानिक समाजाकडून किती तक्रारी आल्या आणि वर्षाअखेर किती बाकी राहिल्या, हे आकडे तिथे द्यावे लागतात. त्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे, कारण तिथे आपलीही चूक होते.

चौथी जागा सगळ्यांत मागे, आर्थिक पत्रकांच्या टिपांमध्ये. "तरतुदी" आणि "संभाव्य देणी" या टिपा शोधा. सुरुवातीच्या पानांवर "घटनेचा कोणताही परिणाम नाही" असं लिहिणारी कंपनी मागच्या टिपेत त्याच प्रकरणासाठी काही कोटींचा दावा प्रलंबित दाखवत असेल, तर खरं काय ते मागच्या पानावर आहे. तिथे लेखापरीक्षकाचीही सही असते.

आणि सगळं झाल्यावर जागेचं नाव शोधा. गावाचं, नदीचं, खाडीचं. "आमच्या एका प्रकल्पस्थळी" एवढंच लिहिलेलं असेल तर ती माहिती तुमच्यासाठी लिहिलेली नाही.

दुर्घटना झाली की पुढच्या वर्षी अहवाल जाड कसा होतो?

हा प्रश्न मला पहिल्यांदा दाभोळच्या एका शाळामास्तरांनी विचारला, आणि त्याचं उत्तर आपल्या किनाऱ्यापासून फार लांब सापडतं.

24 मार्च 1989 ला अलास्कात एक्झॉन वाल्डेझ हे तेलवाहू जहाज खडकावर आदळलं आणि सुमारे 4 कोटी लिटर कच्चं तेल समुद्रात गेलं. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अपघाताच्या आधीचे आणि नंतरचे तेल कंपन्यांचे वार्षिक अहवाल तपासले. एक्झॉनचा मजकूर वाढणं साहजिक होतं. पण ज्यांचा अपघाताशी काही संबंध नव्हता त्या इतर तेल कंपन्यांनीही पर्यावरणावरची पानं वाढवली होती. अभ्यासकांनी त्याचा अर्थ असा लावला की समाजाने धंदा करायची जी मूक संमती दिलेली असते ती डळमळली, की कंपनी ती शब्दांनी सावरायला बघते. पानं वाढली म्हणजे प्रदूषण कमी झालं असं त्यातून निघत नाही.

याची दुसरी बाजूही मी तितक्याच आग्रहाने सांगतो. त्याच वर्षी, 1989 मध्ये, अमेरिकेतल्या गुंतवणूकदार आणि पर्यावरण संघटनांच्या सीरीस या आघाडीने कंपन्यांसाठी तत्त्वं मांडली, त्यांना आधी वाल्डेझचंच नाव होतं. पुढे 1997 मध्ये सीरीसच्या पुढाकाराने जीआरआय हा कंपन्यांच्या अशा अहवालांची मानकं ठरवणारा उपक्रम सुरू झाला. त्याची मानकं आज जगभरच्या कंपन्या वापरतात. भोपाळनंतर 1986 मध्ये अमेरिकेने कारखान्याशेजारच्या लोकांना माहितीचा हक्क देणारा कायदा केला, आणि आपल्याकडे 1987 मध्ये कारखाने कायद्यात कलम 41 ब आलं. तेव्हापासून धोकादायक प्रक्रिया चालवणाऱ्याने तिथल्या धोक्यांची माहिती कामगारांना, स्थानिक संस्थेला आणि आसपासच्या लोकांनाही द्यायची असते. म्हणजे तुमच्या ग्रामपंचायतीला. हा हक्क माणसं मेल्यावर मिळालेला आहे, तो न वापरता ठेवणं मला पटत नाही.

कंपनी म्हणते, "आमचं सगळं पाणी प्रक्रियेसाठी त्रयस्थाकडे जातं." याचा अर्थ काय?

आपल्याकडच्या वसाहतींत हा त्रयस्थ म्हणजे सीईटीपी, सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र. कारखाने आपापल्या परीने पाणी शुद्ध करून तिथे पाठवतात, केंद्र त्यावर पुढची प्रक्रिया करतं आणि मग ते वाहिनीने खाडीकडे जातं.

बीआरएसआरच्या तक्त्यात सोडलेलं पाणी कुठे गेलं ते विचारलेलं असतं : नदी-तलावात, जमिनीखाली, समुद्रात, त्रयस्थाकडे की अन्यत्र. कंपनीने सगळा आकडा त्रयस्थाच्या रकान्यात लिहिला की तिच्यापुरतं समुद्राच्या रकान्यात शून्य येतं. तो शून्य नियमाने बरोबर आहे. पण वसाहतीतल्या प्रत्येकाने तेच लिहिलं तर खाडीत जे पाणी उतरतं ते कोणाच्याच अहवालात सापडत नाही.

म्हणून कंपनीला दोन गोष्टी लेखी विचारा. तुमचं पाणी केंद्राच्या प्रवेशाच्या मर्यादेत होतं का, आणि वर्षात किती दिवस नव्हतं. मग केंद्राचं संमतीपत्र, म्हणजे मंडळाचा परवाना, आणि तपासणीचे निकाल मंडळाकडून मागवा. दोन्ही कागद जुळवल्याशिवाय चित्र पुरं होत नाही.

सगळे निकाल मर्यादेत, तरी मासे कसे मेले?

कारण अहवालात वर्षाची सरासरी असते आणि मासा मरतो एका रात्रीत.

किनाऱ्याच्या पाण्यात सोडायच्या सांडपाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा बीओडी 100 आणि सीओडी 250 मिलिग्रॅम प्रति लिटर आहे (पाण्यातली घाण किती प्राणवायू खाते याची ही मापं). 364 दिवस पाणी चांगलं राहिलं आणि एका रात्री टाकी रिकामी केली, तरी सरासरी मर्यादेतच बसते. त्यात भांगाचं पाणी असेल, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असेल, तर आलेला घाण लोट समुद्राकडे न जाता खाडीतच घोळत राहतो. पाण्यातला प्राणवायू तसाही पहाटे सगळ्यांत कमी असतो. उजाडता उजाडता बोय आणि काळुंदर हे मासे तोंड वर काढून हवा घेऊ लागतात. आपल्या बायका पहाटे मुळे (शिंपले) काढायला खाजणात उतरतात, त्यांना हे आधी दिसतं आणि अधिकाऱ्यांना दुपारी. तोवर भरती येऊन गेलेली असते.

याच सर्वसाधारण मानकांत एक माशांची चाचणीही आहे. निव्वळ सांडपाण्यात 96 तास ठेवल्यावर 90 टक्के मासे जगले पाहिजेत. या चाचणीचे निकाल अहवालात छापलेले मी क्वचित पाहिले आहेत. तुम्ही ते नावाने मागा. बीओडी म्हणजे काय हे समजावून घ्यावं लागतं, मासा जगला की मेला हे खाडीवरच्या पोरालाही कळतं.

"पुराच्या पाण्यात टाक्या वाहून गेल्या, ही नैसर्गिक आपत्ती." मग जबाबदारी संपते का?

22 जुलै 2021 ला चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेले, तेव्हापासून हा प्रश्न दर पावसाळ्यात येतो. कायद्याचं उत्तर स्पष्ट आहे. दिल्लीतल्या 1985 च्या ओलियम वायुगळतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असं ठरवलं की धोकादायक उद्योग चालवणाऱ्याची जबाबदारी संपूर्ण असते, आणि "देवाची करणी" यासारखे जुने अपवाद तिला लागू होत नाहीत. हरित न्यायाधिकरणाच्या कायद्यातही चूक सिद्ध झाली नाही तरी अपघातात भरपाई द्यायची तरतूद आहे.

अहवालात मात्र पूर हे निमित्त होऊन येतो. तिथे एवढंच बघा : बीआरएसआरमध्ये आपत्ती व्यवस्थापन आराखड्याबद्दल विचारणा असते. त्या उत्तरात पूररेषेचा, साठवणुकीच्या उंचीचा उल्लेख आहे का? वाशिष्ठीच्या काठी कारखाना चालवणाऱ्याला पूर येतो हे ठाऊक नव्हतं असं कोणी म्हणू शकत नाही.

कंपनीने दंड भरला. म्हणजे आमची भरपाई झाली का?

नाही. मंडळ जी पर्यावरण भरपाई आकारतं तिचं केंद्रीय प्रदूषण मंडळाने दिलेलं सूत्र आहे : प्रदूषणाचा गुणांक, उल्लंघनाचे दिवस, रुपयांचा गुणक, उद्योगाचा आकार आणि जागेचा गुणांक यांचा गुणाकार. लाल, म्हणजे सगळ्यांत प्रदूषणकारी गटातल्या उद्योगाला 80, रुपयांचा गुणक 250, मोठ्या उद्योगाला 1.5, मोठं शहर जवळ नसलं तर जागेला 1. म्हणजे दिवसाला 30,000 रुपये. दहा दिवसांचे 3 लाख.

या गुणाकारात मासे कुठेच नाहीत. किती होड्या किती दिवस बंद राहिल्या, बाजारात "खाडीचं म्हावरं नको" म्हणून कोळंबीचा भाव किती पडला, यातलं काही नाही. आणि हा पैसा मच्छीमाराच्या हातात येत नाही. तुमचं नुकसान तुम्हालाच न्यायाधिकरणापुढे वेगळं मांडावं लागतं.

घटनेनंतर कंपनीने बर्फाच्या पेट्या वाटल्या आणि मत्स्यबीज सोडलं. ते सीएसआर आहे का?

पेट्या घ्या, त्यात वावगं नाही. पण कागद बघा. कंपनी कायद्याच्या कलम 135 प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागच्या 3 वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, तेच सीएसआर. त्याच्या नियमांत स्वच्छ लिहिलं आहे की दुसऱ्या एखाद्या कायद्याने जे बंधनकारक आहे ते केल्याचा खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही. खाडी साफ करण्याचा आदेश झाला असेल, तर तो खर्च देणं आहे, दान नव्हे.

एका गावाला मिळालेल्या मदतीच्या पावतीवर "कोणतीही तक्रार उरलेली नाही" असं वाक्य मी स्वतः वाचलं आहे. खाली 40 अंगठे आणि सह्या होत्या. तेव्हापासून सांगतो : पेटी घेताना सही करा, पण वाचून. आणि असं वाक्य असेल तर ते खोडून मगच.

अहवालात आमच्या तक्रारी "शून्य" दाखवल्या आहेत. आम्ही तर सगळे फाटकावर गेलो होतो.

फाटकावर जाणं आकड्यात येत नाही. सोसायटीच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कागदावर तक्रार लिहा, तारीख, वेळ, जागा घाला, कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर पोचपावतीच्या टपालाने पाठवा आणि एक प्रत मंडळाच्या महाड किंवा चिपळूणच्या कार्यालयात देऊन शिक्का घ्या. 31 मार्चच्या आत पोचली तर ती त्या वर्षाच्या आकड्यात आलीच पाहिजे. आली नाही तर तुमच्याकडे पोच आहे आणि त्यांच्याकडे शून्य.

सोसायटीतल्या कोणी कंपनीचा एक शेअर घेतला तरी तो भागधारक होतो. वार्षिक सभेच्या 21 दिवस आधी त्याला अहवाल मिळतो, आणि सभेत प्रश्न विचारता येतो. एका तरुण मच्छीमाराने असा प्रश्न विचारला तेव्हा मी त्याच्या शेजारी बसलो होतो. उत्तर गोल मिळालं, पण पुढच्या वर्षीच्या अहवालात नदीचं नाव आलं.

कंपनी लहान आहे, बाजारात नोंदलेली नाही. मग?

माहितीचा अधिकार. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून प्रदूषण मंडळाच्या माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा. एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांच्या आत. संमतीपत्र, फॉर्म 4, फॉर्म 5, गेल्या वर्षभरातले तपासणी निकाल आणि नोटिसा मागा. "प्रदूषणाची माहिती द्या" असं मोघम लिहू नका, कागदाचं नाव लिहा. उत्तराची मुदत 30 दिवस.

पर्यावरण मंजुरी घेतलेला प्रकल्प असेल तर मंजुरीची प्रत ग्रामपंचायतीला द्यावी लागते आणि पंचायतीने ती 30 दिवस लावायची असते. दप्तरात शोधा, बऱ्याचदा कपाटात सापडते.

दर पावसाळ्यात किनाऱ्यावर डांबराचे गोळे येतात, त्यांचा अहवाल कोण देतं?

कोणीच नाही, आणि मला ही मोठी उणीव वाटते. जहाज सापडलं तर जबाबदारी ठरते. ऑगस्ट 2011 मध्ये मुंबईजवळ आरएके कॅरियर हे कोळशाचं जहाज बुडालं, त्यावर हरित न्यायाधिकरणाने 2016 मध्ये जहाजाशी संबंधित कंपन्यांवर 100 कोटींची आणि कोळसा ज्यांचा होता त्यांच्यावर 5 कोटींची भरपाई लादली. निनावी तेलाला मात्र कोणाचं पान नसतं. गोळे दिसले की तटरक्षक दलाला आणि तहसीलदारांना कळवा, वजन आणि जागा लिहून ठेवा.

चांगला अहवाल कसा असतो?

जीआरआयच्या मानकांत मोठ्या गळतीबद्दल सरळ विचारणा आहे : किती वेळा, कुठे, कोणता पदार्थ, किती, आणि परिणाम काय झाला. बीआरएसआरमध्ये गळतीसाठी असा स्वतंत्र रकाना नाही, तो असावा असं माझं ठाम मत आहे. रकाना नसला तरी लिहायला कोणी अडवत नाही. "अमुक तारखेला रात्री अमुक वाजता आमच्या टाकीतून इतके लिटर अमुक द्रावण नाल्यावाटे वाशिष्ठीत गेलं. मंडळाला इतक्या वाजता कळवलं. अमुक गावांची मासेमारी इतके दिवस बंद राहिली. भरपाई इतकी दिली, इतकी बाकी आहे." या पाच ओळी लिहिणाऱ्या कंपनीवर मी जास्त विश्वास ठेवीन.

अहवाल मराठीत मागता येतो का?

पर्यावरण मंजुरीच्या जनसुनावणीसाठी सारांश स्थानिक भाषेत द्यावाच लागतो. वार्षिक अहवालाला तसं बंधन नाही. तरी सोसायटीच्या ठरावाने मागा.

मासे तरंगताना दिसले, त्या सकाळी आम्ही काय करायचं?

आधी वेळ लिहा आणि भरती होती की ओहोटी ते लिहा. मग मंडळाला फोन, आणि फोन कोणी घेतला त्याचं नाव. सांडपाण्याचा जो नमुना न्यायालयात पुरावा म्हणून लागतो तो मंडळाच्या अधिकाऱ्यानेच जल कायद्याच्या कलम 21 प्रमाणे घ्यावा लागतो, म्हणून तो येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. तुमची बाटली तुम्हीही भरा, बर्फात ठेवा. मासे नुसते "मेले" असं लिहू नका : बोय किती, शेंगटी किती, कोळंबी, चिंबोऱ्या, कुठल्या बंदराच्या वर, कुठल्या वळणाच्या खाली. फोटोत एखादा ओळखीचा खडक किंवा जेटी येऊ द्या. त्या दिवशी किती होड्या परतल्या त्यांची यादी करा, पाग (फेकायचं जाळं) टाकणाऱ्यांची वेगळी. आणि मुळे काढणाऱ्या बायकांची नावं विसरू नका. त्यांच्याकडे होडी नसते, परवाना नसतो, म्हणून नुकसानीच्या प्रत्येक यादीतून त्या सुटलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यांच्यापासूनच यादी सुरू करा.